बघेल कोणीतरी

"फोटो टाकलाय मी ग्रुपवर. बघेल कोणीतरी," सातव्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये आपल्या नवऱ्याला सांगत होत्या.

"कसला फोटो?"

"अहो, गेटबाहेर ती बाई बसली नाही का, डोकं गुडघ्यात घालून? ऊन काय आहे! मला तर बघवेना."

मी दह्याचा डबा हातात धरून कोपऱ्यात उभी होते. पार्किंगच्या दाराने आत आल्यामुळे मला काही दिसलं नव्हतं. कोण बाई, असं विचारावं का, हे ठरेपर्यंत माझा पाचवा मजला आला. मी दोघांकडे बघून थोडं हसले आणि बाहेर पडले.

घरी येऊन फोन उघडला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो होता, खाली प्रश्न: कोणाच्या ओळखीची आहे का? त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. कोणी लिहिलं होतं, पाणी द्या कोणीतरी तिला. कोणी लिहिलं होतं, सिक्युरिटी काय करतेय? मीही जोडलेले हात पाठवले. पाठवल्यावर जरा बरंसुद्धा वाटलं, हे इथे लिहायला लाज वाटते.

मग फोटो मोठा करून पाहिला. भिंतीला टेकलेली बाई, चेहरा दिसत नव्हता. शेजारी निळा प्लॅस्टिकचा टब, त्यावर ओलं गोणपाट. पण अंबाडा दिसत होता. पांढरा, मानेवर घट्ट बसवलेला, त्यात अबोलीची सुकलेली वेणी. तो अंबाडा मी दहा वर्षांची असल्यापासून पाहत आले होते. आमची मासेवाली मावशी होती ती.

आमच्या गेटवर कोणालाही आत सोडायचं असलं, की वॉचमन त्या त्या फ्लॅटला ॲपवरून विचारतो. फोनवर दोन बटणं येतात, हिरवं आणि लाल. पार्सलवाले, सर्वेवाले, चुकून आलेले, दिवसातून किती तरी वेळा. मी फोन पुन्हा पाहिला. वीस मिनिटांपूर्वीची सूचना होती: मासे. डेअरीच्या रांगेत उभी असताना मी लाल बटण दाबलं होतं. नाव नीट वाचलंही नव्हतं. आई-बाबा गावी राहायला गेल्यापासून मी मासे ऑनलाइन मागवते, साफ केलेले, वास नसलेले. त्यामुळे मासे म्हटल्यावर अंगठा आपोआप लालवर गेला.

मावशी आमच्याकडे सिडकोच्या बैठ्या घरांपासून यायची. ऐरोलीतल्या त्या गल्लीत दारं दुपारीही उघडी असत. ती थेट उंबऱ्यावर बसायची, आईकडे चहा मागून घ्यायची, आणि आतल्या खोलीच्या पडद्याआड उभ्या असलेल्या मला पाहून ओरडायची, "काय गो, ही पोर हाय का सुकट हाय? खायाला घाल जरा तिला!" अख्खी गल्ली हसायची. मला राग यायचा आणि ती आली नाही की चुकल्याचुकल्यासारखंही व्हायचं. नंतर आम्ही या सोसायटीत आलो, तर तीही मागोमाग आली. पुढे एका मीटिंगमध्ये ठरलं की लिफ्टला वास येतो, मासेवाल्यांना वर सोडायचं नाही. आई त्या मीटिंगला गेली नव्हती. मी गेले होते. मी काही बोलले नाही. तेव्हापासून मावशी गेटबाहेर फुटपाथवर बसते.

मी चप्पल घालायला घेतली आणि तरीही दाराशी थांबले. आता कोणीतरी गेलंच असेल, असं वाटत होतं. ग्रुपवर एवढी माणसं आहेत. मी जाऊन काय करणार? मला तिच्याशी बोलायची सवयसुद्धा नाही. बोलायची ती आई.

दाराशी उभी असताना मला बैठ्या घरांतला एक रविवार आठवला. बाबा छपरावरची पाण्याची टाकी बघायला चढले आणि शिडीसकट खाली आले. डोक्यातून रक्त. आई बाजारात गेली होती. मी आठ वर्षांची, दारात उभी, तोंडातून आवाज फुटत नव्हता. पण मला ओरडावं लागलंच नाही. शिडी पडल्याच्या आवाजाने गल्ली धावून आली. कोणी हळदीचा डबा आणला, कोणी कांदा फोडून आणला. "कांदा कशाला, फिट आलीय का त्यांना?" "मग हळद तरी कशाला? टाके घालताना डॉक्टर शिव्या घालेल." "तू मोठी डॉक्टरीण!" भांडण तिथेच, बाबांच्या अंगावरून. शेजारचे काका वाशीच्या एपीएमसीतून माल आणायचे. त्यांच्या टेम्पोत कोबी भरलेला होता. चौघांनी अर्धा कोबी आमच्या अंगणात ओतला, जागा केली, बाबांना गोणपाटावर झोपवलं. मागे तिघे चढले, एकाचं काम असताना. पुढे मला मांडीवर घेऊन ज्या काकू बसल्या, त्यांच्या हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं. वाटेत त्या टेम्पोवाल्या काकांना सारख्या बोलत होत्या, "खड्डा बघा! अहो, खड्डा बघा ना!" काकाही चिडले, "मग तुम्हीच चालवा!"

त्या लोकांना निम्म्या गोष्टी चुकीच्या माहीत होत्या. एकमेकांशी त्यांचं धड पटतही नव्हतं. नळावरून भांडणं, कचऱ्यावरून भांडणं. मोठी होताना मला त्यांचा कंटाळा यायचा. कोणाच्या घरी कोण आलं, मुलीला मार्क किती पडले, सगळं त्यांना हवं असायचं. स्वतःचं दार बंद करता येईल असं घर मिळावं, असं मला किती वाटायचं! आता तसं घर आहे. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मला दारावरच्या पाटीवरून माहीत आहे. संध्याकाळी काम संपवून लॅपटॉप बंद केला की कधी कधी मी नुसती दार उघडून पॅसेजमध्ये उभी राहते. कुठून तरी फोडणीचा वास येतो. कोणी बाहेर येत नाही. लिफ्टचा आवाज आला की मी दार लावून घेते.

दाराशी मी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. फार नसेल. मग जिन्याने खाली गेले.

गेटच्या आत, लॉबीच्या सावलीत, सात-आठ जण उभे होते. वॉचमन मला पाहून पुढे आला.

"मॅडम, चार फ्लॅट को भेजा था. पहले जहाँ मच्छी देती थी, वहाँ. बोली, चक्कर आ रहा है, अंदर थोड़ा बैठने दो. सबने रिजेक्ट किया." मग खाली बघत, "आपके यहाँ से भी."

"आत बसवायचं ना मग..." मी म्हटलं. माझं मलाच जेमतेम ऐकू आलं.

"पिछले महीने एक को बैठाया था. कमिटी ने बहुत सुनाया."

मागे बोलणं चालू होतं.

"ॲम्ब्युलन्सला फोन केलाय ना?"

"हो, केला असेल कोणीतरी."

"यांच्या घरचं कोणी नाही का? कोळीवाड्यातली असेल."

"हल्ली हात लावायचीही भीती. उद्या काही झालं तर आपल्यावरच यायचं."

मी गेटबाहेर गेले. फुटपाथवरची फरशी चपलेतून भाजत होती. मावशीच्या पाठीमागची भिंतही तापली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि तिचा हात धरला. हात कोरडा आणि इतका गरम होता, की मी दचकले. कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. तिने मान थोडी वर केली. डोळे माझ्यावर ठरत नव्हते.

"मावशी," मी म्हटलं.

"कोन गो?"

मी आईचं नाव सांगितलं. तिला कळलं की नाही, कळलं नाही. "उनान नको बसू," ती पुटपुटली. "जा घरा."

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पत्ता विचारणाऱ्या मुलीने सांगितलं की या पत्त्यासाठी कोणाचाच फोन आलेला नाही. जवळची गाडी दुसरीकडे गेली होती, निदान अर्धा तास लागणार होता. "तोपर्यंत सावलीत घ्या त्यांना," ती म्हणाली, "अंग ओलं करा. जवळ दवाखाना असेल तर सरळ तिकडे न्या."

दवाखाना दोन सिग्नल सोडून होता. मी रस्त्यावर हात केला. पहिली रिक्षा थांबून, पाहून निघून गेली. दुसरा रिक्षावाला थांबला, इंजिन चालूच ठेवून म्हणाला, "ताई, नेतो मी. पण बसवायला दोघं पायजेत. मागे धरून बसायला पण. मी गाडी चालवू का ह्यांना पकडू?"

मी मावशीच्या काखेत हात घालून उचलायला गेले. ती जड होती. आयुष्यभर डोक्यावर पाटी वाहिलेल्या बाईचं ते घट्ट, भरलेलं शरीर. ती अर्धी उठली आणि माझ्यासकट पुन्हा खाली बसली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. मासळीचा, मिठाचा, अबोलीचा वास. तिचा श्वास भराभर चालला होता, माझ्या मानेला लागत होता.

मी गेटकडे पाहिलं. सगळे माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. काळजीच होती, मघाशी पाचव्या मजल्यावर दाराशी थांबले तेव्हा माझ्या चेहऱ्यावर असेल तशीच. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पहिल्या पावलाची वाट बघत होता. वॉचमनचा एक पाय गेटबाहेर होता, एक आत. "कोणीतरी या ना," मी म्हटलं. दोघातिघांनी मागे वळून पाहिलं, जणू ते कोणीतरी त्यांच्या मागे उभं असावं. रिक्षावाल्याने एकदा हॉर्न दिला. मावशीच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतत होत्या आणि तिचा हात माझ्या हातातून सुटायला लागला होता.

लॉबीच्या पायरीवर एक गृहस्थ उभे होते, हातात भाजीची पिशवी. त्यांना मी रोज लिफ्टमध्ये पाहते आणि रोज मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभी राहते. मी सरळ त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्याने मी त्या आवारात कधी बोलले नव्हते.

"ओ काका! चेक्सच्या शर्टातले, हो, तुम्हीच! पिशवी ठेवा तिथेच आणि इकडे या. मावशींना या बाजूने धरा, मला एकटीला उचलवत नाहीत!"