मोठीमायचा बांधलेला नळ

मोठीमाय नारळसुद्धा धुऊन फोडायची. अंगण, उंबरा, तुळशीचा ओटा हे तर रोजचंच. पण चपला धुऊन भिंतीला टेकवून ठेवायची, बाजारातून आणलेली झाडू वापरायच्या आधी धुवायची, आणि एकदा तर बाबांची सायकल त्यांना न विचारता धुऊन टाकली. सोवळ्याओवळ्याचा त्यात काही भाग नव्हता. तिला पाणी वाहतं ठेवायला आवडायचं, इतकंच. तिचं माहेर कुरखेड्याकडचं. लहानपणी उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खड्डा करायचा, त्यात झिरपलेलं पाणी वाटीनं पितळेच्या गुंडीत भरायचं आणि घरी न्यायचं, हे तिचं काम होतं. कोणी काही म्हटलं की ती म्हणायची, "वाटीवाटीनं पानी भरलं मी. आता नळ आहे त धुऊ दे ना मले."

ती माझ्या बाबांची वहिनी. मोठेबाबा गेले, मूलबाळ नव्हतं. आरमोरीतल्या आमच्या घराचे दोन भाग केले होते, अंगणात मध्ये कमरेएवढी भिंत. एकीकडे आम्ही, दुसरीकडे ती. चुली वेगळ्या, पण नळाचं कनेक्शन एकच राहिलं. फाटकाजवळ एक मीटर, तिथून दोन्हीकडे पाइप, आणि सहा महिन्यांनी येणारं बिल अर्धं-अर्धं. इतकी वर्षं त्यावरून कधी कोणाचं वाजलं नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात बिल आलं ते नेहमीच्या कितीतरी पट. बाबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "होईन नाई त काय? दिवसभर नळ सुरूच रायते." नाव घेतलं नाही, पण आमच्या घरात नाव न घेताच सगळं बोललं जायचं.

मोठीमाय हातातला खराटा तसाच धरून भिंतीपाशी आली. "माह्यावर म्हनून राह्यली काय, शांते?"

आई वळून भांडी घासू लागली.

"ठीक आहे. पुढचं बिल येतपर्यंत मी नळाले हातच नाई लावत. मंग दिसन कोन पानी सांडते त."

त्याच दुपारी तिनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडून नळाच्या तोटीला करकचून गाठ मारली आणि गुंडी घेऊन शाळेमागच्या बोरिंगवर गेली. बाबा तिच्या मागे गेले. "वहिनी, हे काऊन करता? लोक काय म्हनतीन?" ती हापसता हापसता म्हणाली, "तू मंधात नको पडू. माहं नाव निघालं आहे, मीच पुसतो."

मी तेव्हा कुरखेड्याला शाळेत होते, शनिवारी घरी यायचे. मी तिची गुंडी घ्यायला हात पुढे केला की ती बाजूला व्हायची. "नको, पोरी. तुह्या मायनं म्हनू नये, का घरचंच पानी नेऊन देल्लं." तिला या सगळ्याचा त्रास होत होता असं म्हणता येणार नाही. उलट ती मजेत होती. पावसाळा लागला, चिखलातून घसरत ती पाणी आणायची आणि भिंतीवरून आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "येऊ द्या आता बिल." आपण खरे आहोत याची तिला पुरती खात्री होती, आणि खात्री असलेल्या माणसाला ओझं लागत नाही.

बिल आलं. अगदी पूर्वीसारखं, लहानसं.

बाबांनी ते अंगणात उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं. आधी हसले, मग हसू जागच्या जागी राहिलं. आई आत निघून गेली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडण झालं असतं. मोठीमाय कमरेवर भरलेली गुंडी घेऊन भिंतीपलीकडे उभी होती. गुंडी भिंतीवर ठेवून म्हणाली, "म्हनजे मीच." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "एवढं पानी माह्या हातानं जात होतं, अन् मले समजलंच नाई."

चिंधी तिनं सोडली नाही. धुणं मात्र सोडलं. तिच्या अंगणात कडुनिंबाचा पाला साचू लागला. शेगडी विझवली की नाही हे ती पुन्हा पुन्हा जाऊन पाहायची. डाळीत मीठ घातलं का, हे मला चाखायला लावायची. "तूच सांग. माह्यावर माहा भरोसा नाई राह्यला," असं ती अगदी साध्या आवाजात म्हणायची, जसं एखाद्यानं गुडघा दुखतो म्हणून सांगावं. मी चाखून सांगायचे. मीठ बरोबरच असायचं.

पुढचा उन्हाळा लागता लागता जे बिल आलं ते पाहून बाबा खाली बसले. आता कोणाकडे बोट दाखवणार? पलीकडचा नळ तर बांधलेला. प्लंबर आला. त्यानं आमचे सगळे नळ बंद करायला लावले आणि फाटकाशी जाऊन पाहिलं. मीटर फिरतच होतं. मग तो घराभोवती हिंडला आणि आमच्या न्हाणीमागे थांबला. तिथे धोपा, म्हणजे अळू, माजला होता, भर उन्हात, हातभर पानांचा. आई त्या पानांच्या वड्या करायची, मोठीमायलाही भिंतीवरून ताटली द्यायची. सगळ्या आळीत धोपा करपला, आमचाच कसा राहिला, याचं आईला कौतुक होतं. प्लंबरनं तो उपटला, कुदळ मारली, आणि खड्ड्यात पाणी वर आलं. पाइप आमच्याच न्हाणीखाली फुटला होता, केव्हाचा कोण जाणे.

मग ते मधलं लहान बिल कसं आलं? बाबांनी मीटर वाचणाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "तवा तुमी मीटरवर पावसाळ्याची लाकडं रचली होती, भाऊ. मले आकडा दिसे नाई. मी मागच्या वर्षीच्या अंदाजानं टाकून देल्ला." लाकडं बाबांनीच रचली होती.

सांगायला आई स्वतः गेली. मोठीमाय लाखोळीची डाळ निवडत बसली होती. "बाई, आमच्याच न्हानीखाली फुटला होता. तुमचं काईच नव्हतं."

"असं काय," मोठीमाय म्हणाली. तिचा हात सुपात फिरतच राहिला. "तू म्हनली, तवा मी नाई मानलं, शांते. पन बिल म्हनलं, तवा मी मानलं ना. आता ते मनातून काई निघत नाई."

बाबांनी चिंधी कापून काढली. ती नळ वापरू लागली, पण अर्धी बादली भरली की बंद करायची. मला तेव्हा तिचा, आईचा, सगळ्यांचाच राग यायला हवा होता. आला नाही. आमच्या घरात कोणालाच काही आलं नाही, ना राग, ना रडू. बिल अर्धं-अर्धं पुन्हा सुरू झालं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी मोठीमाय गेली. दुपारी खाटेवर पडली ती उठली नाही. आळीतल्या बायका जमल्या, तिला अंघोळ घालायला अंगणात पाट मांडला. आई तिच्या नळापाशी बसली आणि तोटी पुरती सोडली. बादली भरली. पाणी काठावरून खाली पडू लागलं, अंगणातल्या पाल्याखालून वाट काढत फाटकाकडे निघालं. एका बाईनं बंद करायला हात पुढे केला. आईनं तो धरला आणि म्हणाली, "राहू द्या."

पाणी खूप वेळ वाहत होतं.