वडलीमायची लदीन

आमच्या वडलीमायची वाचा गेली तेव्हा मी देवाशी अबोला धरला होता. वडलीमाय म्हणजे माझ्या वडिलांची आई. अर्धांगाचा झटका आला आणि डाव्या-उजव्याचं भान असलेली, घरभर हुकूम सोडणारी बाई एका सकाळी मुकी झाली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, बोलणं परत येईल असं धरून चालू नका. जन्मभर रोज सकाळी चर्चात मिसेच्या प्रार्थनेला जाणाऱ्या बाईची देवानं जीभच काढून घ्यावी, हे मला पटेना. मी चर्चला जायची, बाकावर बसायची आणि हाताची घडी घालून गप्प राहायची.

वडलीमाय मूळची गोव्याची. लग्न होऊन बेळगावला आली तेव्हा गोवा परक्या राज्यात मोडत होता. आजोबा कॅम्पात लष्कराच्या बँडमध्ये तुतारी वाजवायचे. तिला मराठी येत नव्हती, कानडी तर त्याहून नाही. भाजीवालीशी भांडता भांडता कानडी शिकली, आणि शेजारच्या आक्कांच्या सासूकडून मराठी. पुढं तर इतकी इथली झाली की गोव्याहून आलेल्या पाहुण्यांनाच "लई दिवसांनी आलासा" म्हणायची. देवाशी बोलायला मात्र तिनं गोव्याची रीत कधी सोडली नाही.

आमच्यात सायबीण घरोघर फिरते. सायबीण म्हणजे मरियामातेची मूर्ती. एका घरी रात्रभर मुक्काम, दुसऱ्या संध्याकाळी गाणी म्हणत पुढच्या घरी. त्या वेळी लदीन गातात. एकानं मरियेचं एकेक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी "आमच्यासाठी विनंती कर" म्हणायचं, तेही जुन्या लॅटिनमध्ये. मग उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप. आमच्या गल्लीत लदीन सांगायचा मान वडलीमायचा. कुणी सूर चढा लावला किंवा एखादं नाव गाळलं की ती तिथंच थांबवायची, आणि गाळणाऱ्याला पुन्हा म्हणायला लावायची. फादरसुद्धा तिच्यासमोर जपून असत.

त्या वर्षी सायबिणीची पाळी आमच्या घरी आली. मी आईला म्हटलं, या वेळी नको म्हणूया, लदीन सांगणार कोण? आई म्हणाली, "आलेल्या देवाला दारातनं परत धाडतात व्हय गं? तू सांग."

माझं उद्यमबागेत कारखान्याच्या ऑफिसात काम. तिथनं घाईघाईनं आले, चणे चुलीवर चढवले, आणि मोबाईलवर लदीन काढून ठेवली. गल्ली जमली, फादरही आले. शेजारच्या आक्काही आल्या. त्या ख्रिस्ती नव्हेत, माहेरच्या वडगावच्या विणकरांच्या. लॅटिनचं अक्षर कळत नाही, पण वर्षानुवर्षं ऐकून उत्तराची ओळ आमच्यापेक्षा खणखणीत म्हणतात. वडलीमायला उशा लावून खुर्चीत बसवलं होतं. ती मूर्तीकडं बघत होती. मला तिच्याकडं बघवेना. एकदा तरी तिनं मला हाक मारावी, एवढंच मला हवं होतं, आणि ते मागायचंही मी सोडून दिलं होतं.

मी सुरू केलं. सूर चढाच लागला. कशीबशी "पहाटेची तारका" या नावापर्यंत पोचले, आणि घामट बोटानं मोबाईलवरचं पान जरा जास्तच सरकलं. मी पुढचं नाव घेतलं. सगळ्यांनी उत्तरही दिलं.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. फाटका, पण सुरात. "सालुस इन्फिर्मोरुम." मी गाळलेलं नाव. सगळे खुर्चीकडं वळले. आक्का तेवढ्या भानावर होत्या. त्यांनी खणखणीत उत्तर दिलं. वडलीमायनं माझ्याकडं रोखून पाहिलं आणि तेच नाव पुन्हा गायलं. मला कळलं, मी म्हणेपर्यंत ती पुढं जाऊ देणार नाही. मी रडत रडत म्हटलं. मग उरलेली सगळी लदीन तिनंच सांगितली.

चणे वाटताना फादरनी मला विचारलं, कुठलं नाव गाळलंस ते ठाऊक आहे का? मी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, "आजाऱ्यांचं आरोग्य."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, गाणं मेंदूत वेगळ्या जागी असतं, असं कधीकधी होतं. होत असेल. मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही. साधं बोलणं तिला पुढंही जमलं नाही. पण लदिनीच्या चालीवर तिला सगळं सांगता यायचं. त्याच चालीत चहा मागायची, त्याच चालीत दार लावायला सांगायची. आक्का पलीकडून उत्तराची ओळ म्हणायच्या आणि घर हसून लोळायचं. अशी ती आणखी काही वर्षं सुखानं जगली, आणि पिकल्या पानासारखी गेली.

आता मी प्रार्थनेला बसते तेव्हा मागणं एकदाच सांगते आणि गप्प होते. कसं द्यायचं ते त्याचं त्याला कळतं. त्या संध्याकाळी चणे तोंडात टाकून वडलीमायनं माझं नाव घेतलं होतं, सुरात, लांबवून, आणि पुढं म्हणाली होती, "कच्चं ऱ्हायल्यात गं." तिची बोलणी मी आयुष्यभर खाल्ली, पण इतकी गोड कधी लागली नव्हती.