दोन पाळ्यांचं घर

भिकनआप्पा गेल्याचं मला पाच आठवड्यांपूर्वी ऑफिसात कळलं. एका बिल्डरच्या दोन बेडरूमच्या नकाशावर वाकलो होतो. सुरतेतल्याच लिंबायत वस्तीतून निरोप आला, की रात्रपाळी करून सकाळी खोलीवर आला, अंग टाकलं आणि उठलाच नाही. मी नकाशा पुरा केला, मग निघालो. यावरून कोणी मला नावं ठेवायची तर ठेवावीत. आप्पाने ठेवली नसती. हातातलं काम अर्धवट टाकून उठणाऱ्याविषयी त्याचं मत फारसं बरं नव्हतं.

आमची ओळखच तऱ्हेवाईक. सुरतेत नवा आलो तेव्हा मीही मागावर होतो. मागाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात; मी दिवसाच्या पाळीला, आप्पा रात्रीच्या. दहा बाय दहाची खोली, माणसं बारा. सहा खात्यात, सहा अंथरुणावर. आप्पाची आणि माझी गादी एकच. दोन वर्षं एका गादीवर झोपलो, पण बोलणं व्हायचं ते पाळी बदलताना, दारात चपला काढता-घालता. "गादी गरम करी ठेवेल शे, भाऊ," एवढं म्हणून तो निघायचा. दोघंही खानदेशातले, त्यामुळे त्याची अहिराणी कानाला बरी वाटायची. पुढे मी नकाशे काढायला शिकलो आणि मागावरून सुटलो. तो राहिला.

प्लेगच्या वर्षी सुरत रिकामी झाली तेव्हा आप्पाही दोंडाईच्याजवळच्या त्याच्या गावी पळाला. तिथे सुरतेला गेलेल्यांची घरं कुलूप लावल्या जागी खचलेली. शाळेत पोरं इतकी कमी, की ती बंद होणार असं मास्तरच सांगत होते. परतलेल्या माणसांना काम नाही. महिन्याभरात सगळे पुन्हा सुरतेत. आप्पाही आला, पण डोक्यात किडा घेऊन. माग गावात न्यायचे! पुढे शेड, मागे खोल्या. धागा सुरतेहून येईल, कापड सुरतेला जाईल, माणूस तेवढा गावात राहील. अकरा कुटुंबं लगेच राजी झाली, त्यांत त्याच्या धाकट्या भावाचंही होतं. बारावं आप्पाचं. त्याची बायको, कमलवहिनी, लग्नापासून गावातच धाकट्या दिराच्या घरात होती आणि आप्पा सणापुरता पाहुणा. बाराव्या खोलीत त्या दोघांचा संसार सुरू व्हायचा होता... लग्नानंतर बावीस वर्षांनी.

नकाशा मी काढला. आप्पाने सांगितलं दहा बाय दहा, मी काढलं दहा बाय दहा. दोन वर्षं दिवाळीला आणि आखाजीला या बारा कुटुंबांतली माणसं गावी जाऊन विटा रचत होती. सुटी म्हणून गेलेला माणूस खात्यातल्यापेक्षा जास्त दमून परत यायचा, आणि वर खूश असायचा.

खोल्या झाल्या, आंब्याची तोरणं लागली. आप्पाची भावजय सिंधूबाई दारातून आत डोकावली. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायची रीत नाही, म्हणून पदर सावरत तिने आप्पाला ऐकू जाईल अशा बेताने मला विचारलं, "भाऊ, गावमा कोनी रातपाळी करस का? आठे बठ्ठा जन रातलेच झोपतस."

गावात सगळे एकाच वेळी झोपतात, हे आम्हा दोघांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सिंधूबाईच्या घरात माणसं आठ. खोली म्हटली की त्यातली अर्धी माणसं बाहेर असणारच, हे सुरतेने आमच्या अंगात इतकं मुरवलं होतं, की आम्ही अर्ध्याच माणसांचं घर बांधून बसलो होतो. चूक नकाशात होती आणि नकाशा माझा होता. मी चाचरत म्हणालो, पुढल्या साली वर मजला चढवू.

"पुढलं साल कोनी देखं शे, भाऊ?" आप्पा म्हणाला. त्याने घण मागवला आणि पहिली भिंत पाडली ती स्वतःच्या आणि भावाच्या खोलीमधली. बाराची सहा घरं झाली. शाळेत जाणारी पोरं ज्यांच्याकडे, ती सहा कुटुंबं राहिली. उरलेली सुरतेला परतली आणि त्यांच्याबरोबर आप्पा, एकटाच; कमलवहिनी पुन्हा दिराच्याच घरात राहिल्या. तू का, असं मी त्याला बसस्टँडवर खडसावून विचारलं. माझ्या घरात पोर नाही, म्हणाला. मला त्याचा भयंकर राग आला. अजूनही येतो.

दशक्रियेला गेलो तेव्हा माग बंद ठेवले होते. शाळा चालू होती. सहाही घरांत, जिथे भिंत होती तिथे जमिनीवर सिमेंटची एक रेघ आहे. आप्पा आला की कुठे झोपायचा, असं विचारल्यावर कमलवहिनींनी रेघेकडे बोट दाखवलं.

"भिंत त्यास्नीच पाडी," त्या म्हणाल्या, "तरी तठेच झोपेत, अंग चोरीसन. मी सांगू, पाय लांब करा, घर आपलंच शे..."

त्याने ते कधी केले नाहीत. आता त्या जागी कमलवहिनी झोपतात. पाय लांब करून, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं.