अप्पांचा दहा, शेटचा नव्वद

शिवाप्पा मिस्त्री गेले, आणि ज्यानं त्यांच्या कामावर डल्ला मारला तो मातीला सगळ्यात पुढं उभा होता.

पांढरा शर्ट, काळा गॉगल, हातात सगळ्यांपेक्षा मोठा हार.

ज्यांना अप्पा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तेरला स्टँडजवळ त्यांचं दुकान. ते बेंजोचे ॲम्प बनवायचे. बेंजो म्हणजे वरातीत वाजतो तो, तारांवरची बटणं दाबून वाजवायचा. बेंबळीच्या बेंजो पार्टीत मी तोच वाजवतो.

बेंजोसाठी वेगळा ॲम्प कुणी करत नाही. गिटारचा लावला की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येतो. अप्पांनी एका विलायती गिटार ॲम्पचं सर्किट घेतलं, वर्षानुवर्षं त्यात खाडाखोड केली आणि बेंजोला गळा दिला.

हो, कॉपीच. अप्पा स्वतःच सांगायचे.

त्यांच्या प्रत्येक ॲम्पच्या झाकणाला आतून अख्खं सर्किट चिकटवलेलं असायचं, मराठी आकड्यांत. खाली लिहिलेलं, ‘मूळ गिटारचं, विलायती. बेंजोसाठी बदल : शिवाप्पा, तेर.’

त्यातलं ‘शिवाप्पा’ बाकी सगळ्यापेक्षा मोठं. नम्रपणा वगैरे भानगड अप्पांकडं नव्हती.

मी एकदा म्हटलं, “अप्पा, असं उघडं ठेवलं तर कुणीही बनवील.”

“बनवू दे की! उद्या सोनारीच्या जत्रंत ॲम्प बसला तर तिथला मिस्त्री काय माझ्या नावानं बोंबलंल? झाकण उघडंल, बघंल, नीट करंल. नक्कल म्या बी केली. पर कुणाची केली ते लिवलं.”

आता शेट.

धाराशिवात साउंडचं मोठं दुकान. त्यानं अप्पांचा एक ॲम्प घेतला, झाकणाचा फोटो काढला आणि तो हैदराबादला पाठवून बोर्ड छापून आणले. इथपर्यंत अप्पांचं काही म्हणणं नव्हतं.

मग शेटनं बोर्डावर काळं इपॉक्सी, वाळून दगड होणारा डिंक, ओतलं. पार ठोकळा करून टाकला. आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही दिसू नये.

आणि त्या ठोकळ्याला बाजारात नाव दिलं : मसाला.

“आमच्या ॲम्पात मसाला आहे. फॉर्म्युला आहे. आवाजाला स्पेशल धार आहे.”

आमचे बेंजोवाले तर काय, धन्यच! ज्यात सगळं दिसतं तो डुप्लिकेट, ज्यात काहीच दिसत नाही तो ओरिजिनल. अप्पांच्या दुकानात येऊन तोंड वर करून विचारायचे, “तुमच्यात मसाला न्हाय व्हय?”

“हाय की. घरी कालवणात.”

गिऱ्हाईक तुटत गेलं. अप्पा चिडायचे, शिव्या घालायचे. त्यांना शेटकडून एकच पाहिजे होतं. चार लोकांत त्यानं एकदा म्हणावं, सर्किट शिवाप्पाचं आहे. बस.

तेवढं त्या माणसाच्या तोंडून निघालं नाही.

आमच्या पार्टीच्या मालकानंही माझं न ऐकता मसाला आणला. भर वरातीत बसला. शेट म्हणाला, “ठोकळा गेला की गेला. नवा घ्या.”

मी तो तेरला नेला. आमची अख्खी पार्टी सोबत होती. अप्पांनी हीटगननं ठोकळा तापवला आणि त्यांची लेक महानंदा खरवडत बसली. दुकानाचं निम्मं काम तेव्हा तीच करायची.

आत सगळं अप्पांचंच. एक रेझिस्टर सोडून. झाकणावर लिहिला होता १०. इथं बसला होता नव्वदच्या घरातला.

महानंदा कपाळाला हात लावून म्हणाली, “अप्पा, हैदराबादवाल्यानं आपला मराठी एक इंग्रजी नऊ म्हणून वाचलाय!”

अप्पा हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले.

म्हणजे ती ‘स्पेशल धार’, जिच्यामुळं वरच्या सुरांत कान किटतात, ती चूक होती. आणि शेटला पत्ताच नाही. चोरलेला माल त्यानं एकदा धड वाचलासुद्धा नव्हता!

काल माती झाल्यावर सगळे अप्पांच्या ओट्यावर बसलो होतो. आसपासच्या बऱ्याच पार्ट्या आल्या होत्या. शेट गळा काढून सगळ्यांना ऐकवू लागला, “अप्पांनी आमच्या डिझाइनवर फार काम केलं हो. गुणी कारागीर. आता पोरीनं काळजी करू नये. दुकान मी चालवीन, ती माझ्याकडं कामाला राहील.”

आमच्या डिझाइनवर!

त्या घरातलं माणूस नुकतंच गेलं होतं आणि हा त्याचं नावही उचलून न्यायला आला होता. कुणी खोडलं नसतं तर आजपासून अप्पाच नकलाकार ठरले असते.

महानंदा दारात आली. डोळे सुजलेले.

“शेट, डिझाइन तुमचं व्हय?”

“म्हणजे काय!”

“मग एवढंच सांगा. मसाल्यात नव्वदचा रेझिस्टर कशापायी घातलाय?”

शेटनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. गॉगल काढला, पुसला, परत घातला.

“ते... ते आमचं सिक्रेट आहे.”

आमचा ढोलकीवाला आधी फुटला. मग मी. मग अख्खी पार्टी. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना शेजारच्यानं कानात सांगितलं, की तेही फुटले. मयताच्या घरी एवढं हसू नये, कळत होतं. आवरेना.

शेट उठला आणि चपला शोधू लागला. कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही, पण चपलाही दाखवल्या नाहीत.

तो गेल्यावर ढोकीच्या पार्टीचे मालक, वयस्क माणूस, घसा खाकरून म्हणाले, “ताई, आमी मसाला घेणार होतो. आता तुमच्याकडूनच करून घेतो. झाकणावर सगळं लिवून द्या.”

“नाव कुणाचं टाकू?” असं म्हणताना महानंदाचा बांध फुटला.

“अप्पाचं टाका. त्याच्या खाली तुमचं.”

अप्पा, या आता. बेंबळीच्या बेंजोवाल्यांचा तुम्हाला शेवटचा रामराम.