मामाला भारी पडणारा दात

लवंगेच्या तेलाचा वास आला की मला रनाळ्याचा आमचा ओटा आठवतो. मी सहा वर्षांची होते. खालच्या दुधाच्या दातामागून नवा दात वर आला होता आणि पुढचा जागचा हलायला तयार नव्हता. असा दुहेरी दात मामाला भारी पडतो, असं आमच्या घरात सगळे मानत. म्हणून मामा जरीचा फेटा बांधून, न्हाव्याला सोबत घेऊन, एखाद्या दाव्याचा निकाल द्यायला यावं तसे आले. "मांगला दात काढी टाक," ते न्हाव्याला म्हणाले. न्हाव्याने माझ्या हिरडीला तेल चोळलं आणि चिमटा धोतराला पुसला. मामांनी माझं डोकं गुडघ्यांत दाबून धरलं. थंड लोखंड जिभेला लागलं, तशी आई मध्ये आली. "थांब भाऊ. बजारमा मिशनना डाक्टर येल शे, तेले पहिले दखाडी लेऊत." "मन्हा जीव गया म्हणजे डाक्टरलेच राखी बांधजो," मामा म्हणाले. आईने मला कडेवर उचललं आणि बाजाराची वाट धरली. बाजारात डॉक्टरांनी माझ्या तोंडात बोट घालून पाहिलं. "मागचा कायमचा आहे. तो उपटला असता तर पुन्हा आला नसता. काढायचा तो पुढचा," ते म्हणाले आणि बोलता बोलता त्यांनी तो काढलासुद्धा. मामा वर्षभर आमच्याकडे जेवले नाहीत. तब्येत मात्र ठणठणीत राहिली. परवा नातवाला सातवं लागलं, तशी मी त्याला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाले. सून म्हणाली, "पण त्याचं काही दुखत नाहीये." मी म्हटलं, "म्हणूनच नेतेय."