कुवेतचा पगार आणि चुडाव्याचं घर

चुडाव्याच्या केशरबाईनं एका सरकारी माणसाला मोठ्या अभिमानानं खरं तेच सांगितलं आणि नेमकं तेच तिच्या लेकाच्या मुळावर आलं. अजूनही विषय निघाला की ती कपाळाला हात लावते.

बाई मूळची खमकी. नवरा लिंबाजी रेल्वेत गँगमन होता, तो ऐन उमेदीत गेला. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून पोरगं शिकलं पाहिजे, हे एकच खूळ तिच्या डोक्यात. लोकांच्या रानात खुरपत तिनं आश्रुबाला औरंगाबादच्या कॉलेजपर्यंत पोचवलं. पोरगं इंजिनियर झालं आणि सत्तरच्या सुमाराला थेट कुवेतला, तेलाच्या कारखान्यात लागलं. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, "माय, तिथलं सरकार पगारातला एक पैसा कापत न्हाई."

केशरबाईला वाटलं, पोरगं थट्टा करायलंय. "मंग त्येंचं सरकार खातंय काय?"

"तेल," आश्रुबा म्हणाला. "जमिनीतून निगतंय तेवढं पुरतंय त्येंला."

त्या पगारातून स्टेशनच्या अंगाला आश्रुबाच्या नावानं विटांचं चार खोल्यांचं घर उभं राहिलं. बाई मात्र पलीकडच्या आपल्या जुन्या खोलीतून हलली नाही. "सायबाचं घर ते, त्यात मी काय करू?" म्हणायची. आश्रुबा वर्षाकाठी दीड महिना येई, त्या घरात उतरे आणि बाई त्याला दोन्ही वेळचं ताट झाकून तिकडे नेऊन देई. तो गेला तरी घराला कुलूप नाही. रोज झाडलोट, पलंगावर धुतलेली चादर, रांजणात ताजं पाणी. लांब गेलेल्या माणसाचं घर बंद केलं की त्याचं मन माघारी ओढत नाही, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. कुणी शिकवलं विचाराल तर कुणीच नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आयकर खात्याचा एक निरीक्षक चौकशीला आला. माणूस सभ्य होता. केशरबाईनं चहा केला आणि कौतुकानं घर दाखवलं.

"घर तुमचं का, बाई?"

"माजं कशाचं? माज्या लेकाचं हाय."

"म्हणजे सुट्टीत ते इथं पाहुण्यासारखे उतरतात?"

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाहुना? सोताच्या घरात कुनी पाहुना असतंय का, सायेब? सालभर त्येच्यासाठीच उगडं ठिवलंय. आत्ता आला तर आत्ता पाठ टेकंल!"

निरीक्षकानं मान डोलावली, चहा संपवला आणि गाडी गाठली. पुढं आठवडाभर बाई साहेबाची कशी जिरवली ते गावभर सांगत होती.

हिवाळ्यात आश्रुबा आला तो तोंड उतरवूनच. कुवेतच्या सबंध पगारावर इथल्या दरानं कर बसला होता. मायलेक परभणीला माधवराव वकिलांकडे गेले. आश्रुबा इथला रहिवासी नाही, असं खात्याला आधी या वकिलांनीच कळवलं होतं.

"सरकारासरकारांतही चढाओढ असते, केशरबाई," माधवराव म्हणाले. "कुवेतनं कर ठेवलाच नाही, म्हणून जगभरची माणसं तिकडे धावतात. आपलं सरकार म्हणतं, खुशाल जा. पण ज्याच्यासाठी इथं घर राखलेलं आहे आणि जो वर्षात महिनाभर इथं राहिला, तो इथलाच. मग त्यानं कुठंही कमवावं, कर इथं भरावा."

"थितं कमवलेल्यावर? हितं?"

"हो."

"त्या पलंगापायी?"

वकील खाली बघू लागले. "आईकडे पाहुणा म्हणून उतरला असता तर गोष्ट वेगळी होती. पण तुम्हीच तर..."

केशरबाईच्या पायाखालची जमीन सरकली. चोरी नाही, लबाडी नाही. चादर धुतली, पाणी भरलं, आणि सरकारनं तेवढंच धरून लेकाची अर्ध्याहून जास्त कमाई उचलली!

"ह्या सालचं भरतो मी," आश्रुबा म्हणाला. "सरकारच्या स्कॉलरशिपवरच शिकलो, त्येचं वाईट न्हाई. पन दर साली न्हाई झेपायचं. पुढच्या बारीपासून महिना भरायच्या आत, तीन आठवड्यांतच माघारी जातो, माय."

हे ऐकून मात्र ती खुर्चीतून उठलीच. पैसा गेला तर गेला, पण वर्षभर वाट बघून मिळणारे दिवसही अर्धे करायचे? "वकीलसायेब, घर दुसऱ्याला दिलं तर?"

"भाड्यानं दिलंत आणि तो तुमच्या खोलीत उतरला, तर दीड महिना राहू दे खुशाल."

"मंग द्या भाड्यानं. आजच द्या."

"माय, लय हौसेनं राखलंयस तू ते."

"राखलं तीच चूक झाली की!"

शाळेतल्या गीताबाई मुलाबाळांसह त्या घरात राहायला आल्या. पुढच्या सुट्टीत आश्रुबा आला तो थेट आईच्या खोलीत. एवढा मोठा इंजिनियर, पण चुलीपुढं पोत्यावर बसून तव्यावरची भाकरी हातात घेऊ लागला. केशरबाईला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चूल फुंकत होती. दोन फुंकरांतच तिला धाप लागली. भिंतीला हात टेकून ती उभी राहिली, छाती वरखाली होत होती. आश्रुबा हातातली भाकरी टाकून उठला.

"माय, कवापासून व्हायलंय हे?"

"झालं असंल तीन साल. बस तू, जेव."

"तीन साल?" त्याचा चेहरा पांढरा पडला. "दर साली दीड दीड महिना हितंच होतो ना मी? मला कसं दिसलं न्हाई?"

आजवर ताट घेऊन पलीकडे जाताना ती त्याच्या दाराबाहेर थांबायची, दम पुरता बसला की मगच आत जायची. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तू त्या घरात होतास की, बाबा."