उष्टा चमचा

पाळणाघरातली सगळी पिल्लं तिला मावशी म्हणत. भरवायची तिची एक रीत होती. घास आधी स्वतःच्या ओठाला लावून बघायचा, पोळत नसेल तर बाळाच्या तोंडात. चमचा एकच. कुणाचं अर्धं बिस्किट उरलं तर ते तिच्या पोटात. "लेकरांचं कसलं आलंय उष्टं!" म्हणायची.

स्वतःला दिवस गेले तरी रीत तीच. तिसऱ्या महिन्यात दोन दिवस कणकण आली, घसा धरला. तिनं अंगावर काढलं.

मुलगी झाली. जरा बारकी, पण गुणाची! सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "दार आपटा नाहीतर मिक्सर लावा, आमच्या राणीसरकार ढिम्म हलायच्या नाहीत."

लेक आठ महिन्यांची झाल्यावर मावशी तिला घेऊन कामावर रुजू झाली. तिसऱ्याच दिवशी थाळ्यांची चळत फरशीवर कोसळली. अकरा मुलांनी भोकाड पसरलं. बारावी तिची, ती मूठ चोखत झोपलेली. मावशीनं तिच्या कानाशी जाऊन टाळी वाजवली.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लहान मुलांत काम करता? त्यांचं उष्टं खाता?"

"रोजच. का हो?"

"लाळेतून एक विषाणू येतो. आईला नुसती सर्दी झाल्यासारखं वाटतं, पण कधीकधी पोटातल्या बाळाला तो गाठतो. बहुतेक तेच झालंय. दोन्ही कान गेलेत. अजून बसत नाही, तेही त्यामुळेच."

"औषध द्या ना."

"जन्मल्या जन्मल्या कळलं असतं तर थोडं काही करता आलं असतं. आता कानाच्या यंत्रानंही आवाज फारसा पोचणार नाही. तुमचा दोष नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

देवा, कान हवे होते तर माझे न्यायचे होतेस, एवढंच तिच्या मनात आलं.

नवऱ्याला पटेना. त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान. रोज ऊन उतरायच्या आत घरी येऊन तो लेकीच्या पाठीमागे जुडगा खुळखुळवायचा. एक दिवस ओरडलाच, "वळली! अगं, वळली! डॉक्टरांना काय कळतंय!"

"मी सांगत नव्हते, पोरीला ऐकू येतंय?" सासूबाईंनी डोळे पुसले.

मावशी समोरच बसली होती. खिडकीतल्या उन्हात त्याच्या हाताची सावली भिंतीवर हललेली आणि लेक तिकडं वळलेली तिनं पाहिली होती. "हो, वळली," ती म्हणाली आणि चमचा भरला. तो सवयीनं ओठाशी गेला, तिथंच थांबला.

"परत वाजव रे," सासूबाई म्हणाल्या.

तो हौसेनं दुसऱ्या बाजूला गेला. तिथं ऊन नव्हतं. तो वाजवत राहिला, वाजवतच राहिला. लेक अजून त्याच भिंतीकडे बघत होती.